चढाओढीचे इंग्रजी वाक्प्रचार: कसे समजून घ्यावेत आणि मराठीत कसे आणावेत

इंग्रजी बातम्या, खेळांची वर्णने, निवडणुकांचे वृत्तान्त किंवा उद्योगजगतावरील लेख नियमितपणे वाचू लागलेल्या माणसाला अवघड शब्दांचा त्रास फारसा होत नाही, कारण अवघड शब्द कोशात सापडतो. खरा त्रास सोप्या शब्दांचा होतो. मान, नाक, हात, टोपी, टॉवेल, तार, मेणबत्ती असे अगदी पहिल्या पुस्तकातले शब्द एकमेकांशेजारी येतात आणि वाक्याचा अर्थ मात्र लागत नाही. दोन उमेदवार ‘नेक अँड नेक’ असतात, तिसऱ्याने आपली ‘हॅट’ रिंगणात टाकलेली असते, चौथ्याने ‘टॉवेल’ टाकलेला असतो आणि निकाल ‘वायर’पर्यंत गेलेला असतो. स्पर्धा आणि वैर या विषयावर इंग्रजीत असे वाक्प्रचार इतके आहेत, की त्यांना वळसा घालून वाचन पुढे सरकत नाही.

अर्थासह यादी करून ते पाठ करण्याचा मार्ग बहुतेक जण धरतात. माझ्या मते तो मार्ग फारसा कामाचा नाही. अशा यादीत ‘नेक अँड नेक’, ‘फोटो फिनिश’ आणि ‘डेड हीट’ या तिन्हींसमोर ‘अटीतटीची लढत’ असा एकच अर्थ लिहिलेला आढळतो, आणि तो वाचून शिकणारा हे तिन्ही एकमेकांच्या जागी वापरू लागतो. वास्तविक पहिल्या वाक्प्रचारात शर्यत चालू आहे, दुसऱ्यात ती नुकतीच संपली आहे पण निकाल हाती आलेला नाही आणि तिसऱ्यात निकाल लागला आहे व तो बरोबरीचा आहे. हा फरक यादीतून कळत नाही. तो शर्यत डोळ्यांसमोर आणल्यावरच कळतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: वाक्प्रचाराच्या मागचे चित्र आधी पाहावे, त्या चित्रात कोण कुठे उभा आहे हे ठरवावे, आणि मगच मराठी शब्द शोधावा.

‘रायव्हल’ या शब्दातच असे एक चित्र दडलेले आहे. लॅटिन भाषेत ‘रिव्हस’ म्हणजे ओढा आणि ‘रिव्हालिस’ म्हणजे दुसऱ्याबरोबर एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा. एकाच पाण्यावर दोघांचा हक्क आला की चढाओढ आलीच. प्रतिस्पर्धी हा परका नसून त्याच काठावरचा माणूस असतो, ही जाणीव या शब्दाच्या मुळाशी आहे, आणि आपल्याकडच्या ‘भाऊबंदकी’ या शब्दाशी तिचे नाते लगेच ओळखू येते.

पहिली पायरी: मैदान ओळखावे

वाक्प्रचार समोर आला की त्यातील वस्तू कोठली आहे, एवढाच प्रश्न प्रथम विचारावा. मान, नाक, लगाम, खांब, तार या वस्तू दिसल्या तर बहुधा घोड्यांची शर्यत आहे. दोर, घंटा, पट्टा, ठोसा, टॉवेल दिसले तर मुष्टियुद्ध आहे. बाही, एक्का, हुकूम, पट असे काही दिसले तर बैठा खेळ आहे. हातमोजा दिसला, तर मात्र थोडे थांबावे लागते, कारण तो मुष्टियोद्ध्याचा असू शकतो किंवा चिलखत घातलेल्या सरदाराचाही असू शकतो. स्पर्धेविषयीचे बरेचसे इंग्रजी वाक्प्रचार या चार-पाच मैदानांतून आलेले आहेत आणि मैदान नक्की झाले की अर्ध्याहून अधिक अर्थ हाती येतो.

दुसरी पायरी: शर्यतीत क्षण ठरवावा

घोड्यांच्या शर्यतीने या विषयाला फार मोठा शब्दसाठा दिला आहे, म्हणून आरंभ तिथूनच करावा. संपूर्ण शर्यत सुरुवातीपासून शेवटापर्यंत मनात धावू द्यावी आणि प्रत्येक वाक्प्रचार तिच्यात जिथे येतो तिथे ठेवावा.

आरंभी सगळे घोडे एकत्र असताना स्वार मोक्याची जागा पटकावण्यासाठी रेटारेटी करतात. त्यावरून ‘जॉकी फॉर पोझिशन’ हा प्रयोग आला आणि आज तो पदासाठी, कंत्राटासाठी किंवा पक्षातील स्थानासाठी चाललेल्या धडपडीला लावला जातो. जो पुढे निघतो तो ‘फ्रंटरनर’. मधल्या टप्प्यात दोन घोड्यांच्या माना एका रेषेत आल्या की ते ‘नेक अँड नेक’ झाले. शेवटचा सरळ पट्टा लागला की ब्रिटिश माणूस ‘होम स्ट्रेट’ म्हणतो आणि अमेरिकन माणूस ‘होम स्ट्रेच’. मात्र आता हा प्रयोग कोणत्याही कामाच्या अखेरच्या टप्प्याला लागतो, त्यासाठी समोर प्रतिस्पर्धी असण्याची गरज राहिलेली नाही. अमेरिकेतील शर्यतीच्या मैदानांवर अंतिम रेषेच्या वर तार ताणलेली असे, म्हणून निकाल अगदी शेवटच्या क्षणापर्यंत अनिश्चित राहिला की तो ‘डाउन टू द वायर’ गेला असे म्हणतात. रेषा ओलांडताना डोळ्यांना फरक कळला नाही आणि छायाचित्र पाहून निर्णय द्यावा लागला, तर ‘फोटो फिनिश’. छायाचित्रातही फरक दिसला नाही, तर ‘डेड हीट’. यातील ‘हीट’ म्हणजे उष्णता नव्हे, शर्यतीची एक फेरी.

आता जिंकण्याचे प्रकार पाहावेत. शर्यतीतील अंतर घोड्याच्या शरीरावरून मोजण्याची पद्धत आहे: सर्वांत लहान अंतर नाकाचे, त्याहून मोठे डोक्याचे, त्याहून मोठे मानेचे आणि त्यापुढे अर्ध्या व पूर्ण घोड्याच्या लांबीचे. म्हणून ‘बाय अ नोज’ जिंकणे म्हणजे निसटता विजय, आणि ‘बाय अ नेक’ जिंकणे म्हणजे त्याहून थोडा मोकळा विजय. याच्या दुसऱ्या टोकाला ‘विन हँड्स डाउन’ आहे. प्रतिस्पर्धी इतके मागे पडलेले आहेत की स्वाराला लगाम ताणून धरण्याचीही गरज उरलेली नाही आणि त्याने हात खाली सोडले आहेत, असे हे चित्र आहे. इथे नवशिक्याने विशेष सावध राहावे. ‘हात’ हा शब्द पाहून ‘एकहाती विजय’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु एकहाती म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही मदतीवाचून, आणि हँड्स डाउन म्हणजे विनासायास. एखाद्या संघाने सर्व खेळाडूंच्या मदतीने, पण अगदी सहज सामना जिंकला असेल, तर तो हँड्स डाउन आहे, एकहाती मुळीच नाही. ‘लीलया जिंकला’ हे मराठी रूप इथे नेमके बसते.

हरण्याचेही प्रकार आहेत. शेवटच्या खांबापाशी, म्हणजे ‘पोस्ट’पाशी, विजय हातातून निसटला तर ब्रिटिश इंग्रजीत ‘पिप्ड ॲट द पोस्ट’ म्हणतात. हातातोंडाशी आलेला घास हिरावला जाणे हा आपला वाक्प्रचार त्याला जवळजवळ तंतोतंत जुळतो, फक्त त्यात शर्यत नाही, पंगत आहे. याउलट ‘ऑल्सो रॅन’ या शब्दात हळहळ नसते, किंचित तुच्छता असते: निकालाच्या पत्रकात पहिल्या काही क्रमांकांची नावे ठळक छापून बाकीच्या घोड्यांपुढे ‘हेही धावले’ एवढीच नोंद केली जाई, तिच्यावरून तो आला. आदरणीय व्यक्तीबद्दल लिहिताना तो वापरू नये.

‘डार्क हॉर्स’ विषयी चार वाक्ये अधिक लिहिली पाहिजेत, कारण तो सर्वाधिक वापरला जातो आणि सर्वाधिक चुकवलाही जातो. इथे ‘डार्क’चा रंगाशी किंवा कपटाशी संबंध नाही, ज्याच्याविषयी बाहेर काही माहीत नाही, जो अंधारात आहे, असा घोडा असा त्याचा अर्थ आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बेंजामिन डिझरायली यांच्या १८३१ मधील एका कादंबरीत, कोणाच्या ध्यानीमनी नसलेला असा घोडा शर्यत जिंकून जातो, आणि तेथून हा प्रयोग पसरला असे मानले जाते. राजकारणात त्याचे सर्वांत परिचित उदाहरण जेम्स पोक यांचे आहे: १८४४ मध्ये बाल्टिमोर येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बड्या नावांवर एकमत होईना, तेव्हा मतदानाच्या नवव्या फेरीत पोक यांना उमेदवारी मिळाली आणि ते अमेरिकेचे अध्यक्षही झाले. ‘छुपा रुस्तम’ हा आपल्याकडे रूढ झालेला पर्याय चांगला आहे. ब्रिटनमध्ये मात्र या शब्दाला आणखी एक छटा आहे. आपले गुण किंवा आपले आयुष्य कोणाला कळू न देणाऱ्या अबोल माणसालाही कौतुकाने ‘यू आर अ डार्क हॉर्स’ म्हणतात, आणि तिथे स्पर्धा असेलच असे नाही.

शर्यतीतला शेवटचा प्रयोग ‘गिव्ह समवन अ रन फॉर देअर मनी’. पैज लावणाऱ्याचा घोडा जिंकला नाही तरी निदान धावला, पैशांचा मोबदला म्हणून एक धाव तरी पाहायला मिळाली, हा मूळ भाव होता. आज तो असा वापरतात की प्रबळ प्रतिस्पर्ध्याला समोरच्याने सहज जिंकू दिले नाही. वाक्याचा कर्ता बहुधा दुबळा मानला गेलेला असतो आणि तो शेवटी जिंकेलच असे नसते. ‘घाम फोडणे’ हा वाक्प्रचार याच भावाचा आहे. ‘धूळ चारणे’ असे लिहिले तर अर्थ उलटतो, कारण धूळ चारणारा जिंकलेला असतो.

तिसरी पायरी: रिंगणात कोण कुठे आहे ते पाहावे

मुष्टियुद्धाच्या वाक्प्रचारांत क्षणापेक्षा जागा महत्त्वाची असते. रिंगणाबाहेर कोण, दोरांना टेकलेला कोण, जमिनीवर पडलेला कोण आणि कोपऱ्यात उभा राहून साथ देणारा कोण, एवढे कळले की पुरे.

बाहेरचा माणूस आत येऊ इच्छितो तेव्हा ‘थ्रो वन्स हॅट इन द रिंग’. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लढण्याची इच्छा असलेला माणूस आपली टोपी रिंगणात फेकून तसे जाहीर करीत असे. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहण्याचा मनोदय सांगताना आपली टोपी रिंगणात आहे असे म्हटले आणि राजकारणाच्या भाषेत हा प्रयोग पक्का झाला. मराठीत ‘आखाड्यात उतरणे’ हाच त्याचा जुळा भाऊ आहे. ‘शड्डू ठोकणे’ मात्र त्याहून आक्रमक आहे, कारण त्यात समोरच्याला ललकारणे आले. टोपी टाकणारा केवळ आपण तयार असल्याचे सांगतो.

आत आल्यावर नियम लागतात. लंडनमध्ये जॅक ब्रॉटन यांनी १७४३ मध्ये केलेल्या नियमांनी पडलेल्या माणसावर प्रहार करण्यास आणि कमरेखाली पकडण्यास मनाई केली, आणि कमरेखालचा वार हा अधर्माचा वार ठरला. ‘हिट बिलो द बेल्ट’ म्हणजे वादात किंवा स्पर्धेत अशा जागी घाव घालणे, जिथे घालू नये असा संकेत आहे. उदाहरणार्थ, प्रतिस्पर्ध्याच्या कुटुंबातील दुःखाचा उल्लेख करणे. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर केलेला गदाप्रहार ज्या वाचकाला ठाऊक आहे, त्याला हा वाक्प्रचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि पडलेल्या योद्ध्याला उठण्यासाठी दहा सेकंद अशी रचना रूढ केली, आणि हे आकडे माहीत असले की तीन वाक्प्रचार एकदम उलगडतात. दोरांना टेकून कसाबसा उभा असलेला माणूस ‘ऑन द रोप्स’ असतो. तो हरलेला नाही, पण हरण्याच्या बेतात आहे. दहा सेकंद मोजून झाले तरी जो उठला नाही तो ‘आउट फॉर द काउंट’. आणि मार बसत असतानाच फेरी संपल्याची घंटा झाली व तो वाचला, तर ‘सेव्हड बाय द बेल’. या तिसऱ्याची उत्पत्ती चुकून जिवंत पुरलेल्या माणसांच्या थडग्यांना बांधलेल्या घंटांशी जोडणारी एक गोष्ट फार सांगितली जाते, पण ती मागाहून रचलेली आहे. घंटा मुष्टियुद्धाचीच आहे.

‘थ्रो इन द टॉवेल’ मध्ये एक बारकावा आहे. प्रत्यक्ष रिंगणात टॉवेल टाकतो तो लढणारा नव्हे, तर त्याच्या कोपऱ्यातला साहाय्यक. आपला माणूस आणखी मार खाऊ नये म्हणून तो लढत थांबवतो. भाषेत मात्र हा प्रयोग स्वतः हार मानणाऱ्याला लावला जातो. मराठीत यासाठी ‘शस्त्रे खाली ठेवणे’ किंवा ‘हात टेकणे’ चालते. ‘पाठ दाखवणे’ वापरू नये, कारण त्यात भित्रेपणाचा आरोप आहे आणि टॉवेल टाकण्यात तो नाही.

हातमोज्याचा प्रश्न इथेच सोडवू. ‘थ्रो डाउन द गॉन्टलेट’ मधील गॉन्टलेट हा चिलखताचा लोखंडी हातमोजा आहे. सरदार तो प्रतिस्पर्ध्यासमोर जमिनीवर टाकून द्वंद्वाचे आव्हान देई आणि समोरचा तो उचलून आव्हान स्वीकारी. उचलण्याची ही कृती पाहून आपल्याला ‘विडा उचलणे’ आठवतो, आणि तो पुष्कळदा योग्यही ठरतो. परंतु विडा आपल्या पक्षाच्या दरबारात ठेवलेला असतो, तो उचलणारा एक अवघड कामगिरी अंगावर घेत असतो; गॉन्टलेट शत्रूने टाकलेला असतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या किंवा दोन नेत्यांच्या वैरात ‘आव्हान स्वीकारणे’ हेच साधे रूप अधिक चोख आहे. ‘रन द गॉन्टलेट’ हा तर पूर्णपणे वेगळा प्रयोग आहे: दोन रांगांत उभ्या असलेल्या लोकांचे फटके खात मधून धावण्याच्या शिक्षेवरून तो आला आणि त्यातील शब्दाचे मूळ स्वीडिश भाषेत आहे. उच्चार एक झाला म्हणून अर्थ एक समजू नये.

चौथी पायरी: बैठ्या खेळांत आपल्या ओळखीचे शोधावे

इथे मराठी माणसाला फारसे कष्ट नाहीत. ‘चेकमेट’ हा शब्द फारसीतील ‘शाह मात’ वरून आला आणि आपले ‘शह’ व ‘मात’ हे शब्दही त्याच घराण्यातले आहेत, त्यामुळे ‘शह-काटशहाचे राजकारण’ हा प्रयोग इंग्रजी वाक्य मराठीत आणताना निःशंकपणे वापरावा. ‘ट्रम्प कार्ड’ म्हणजे हुकमाचा पत्ता. ‘ॲन एस अप वन्स स्लीव्ह’ म्हणजे बाहीत लपवलेला एक्का. मूळ चित्र लबाडीचे असले तरी आजच्या वापरात लबाडी असेलच असे नाही, आणि तशा वेळी ‘हातचे राखून ठेवणे’ हा आपला प्रयोग उपयोगी पडतो.

‘टर्न द टेबल्स’ कडे मात्र नीट पाहावे. ‘टेबल्स’ हे बॅकगॅमन या सोंगट्यांच्या खेळाचे जुने नाव होते, आणि पट फिरवून आपली वाईट स्थिती प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला देणे असा हा भाव आहे. मराठीत ‘फासे उलटणे’ जवळचे वाटते, पण फासे नशिबाने उलटतात. टेबल्स कोणीतरी उलटवतो. म्हणून ‘डाव उलटवणे’ हे रूप निवडावे, ज्यात कर्त्याचे कर्तृत्व शिल्लक राहते.

मोकळ्या मैदानावरचे दोन प्रयोग इथेच उरकता येतील. ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ म्हणजे सपाट मैदान: सर्वांना समान नियम आणि समान अटी, समान निकाल नव्हे. उताराच्या मैदानावर वरच्या बाजूने खेळणाऱ्याला फायदा होतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा शब्द लगेच कळतो. फुटबॉलमध्ये मध्यंतरानंतर बाजू बदलतात त्यामुळे तो फायदा निदान वाटला तरी जातो, पण व्यापारात किंवा निवडणुकीत बाजू बदलत नाहीत, आणि म्हणूनच तिथे या शब्दाची एवढी गरज भासते. ‘मूव्ह द गोलपोस्ट्स’ म्हणजे खेळ चालू असताना अटी बदलणे. तो नेहमी तक्रारीच्या सुरात येतो.

पाचवी पायरी: सूर ऐकावा

चित्र कळले तरी सूर चुकला तर वाक्य बिघडते. एकाच स्पर्धेला ‘हेल्दी कॉम्पिटिशन’ म्हणणारा तिचे स्वागत करतो, ‘कट-थ्रोट’ म्हणणारा तिची भीती सांगतो आणि ‘डॉग-ईट-डॉग’ म्हणणारा तिचा निषेध करतो. कुत्रा कुत्र्याला खात नाही अशी जुनी म्हण होती, म्हणजे एका जातीचे प्राणी एकमेकांना सांभाळून घेतात; ती म्हण उलटी करून हा प्रयोग तयार झाला, आणि त्यामुळे स्वजनांवरही उलटणाऱ्या माणसांविषयीचा उद्वेग त्यात आहे. ‘गळेकापू स्पर्धा’ मराठीत आता स्थिरावली आहे. कुत्र्यांना मराठीत आणण्याची मात्र गरज नाही.

‘अंडरडॉग’ या शब्दात कुत्रा आहे म्हणून तो अपमानकारक वाटतो. तसे नाही. झुंजीत खाली सापडलेल्या कुत्र्यावरून तो आला आणि त्याच्याभोवती कायम सहानुभूती असते. आपण स्वतः अंडरडॉग आहोत हे उमेदवार अभिमानाने सांगतात. मराठीत त्याला एका शब्दाचा पर्याय मला अजून सापडलेला नाही.

‘कीपिंग अप विथ द जोन्सेस’ ही शेजाऱ्याची बरोबरी करण्याची ओढ. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात पॉप मोमांड यांनी या नावाची चित्रमालिका सुरू केली. तिच्यात ज्यांची बरोबरी करायची ते जोन्स कुटुंब कधी दिसतच नाही. हा प्रयोग नेहमी टीकेचा असतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा त्यावरचा आपल्याकडचा उपदेश आहे, त्याचा अनुवाद नव्हे; पण जोन्सांचे अंथरूण पाहून स्वतःचे पाय पसरणे, अशी कल्पना केली की दोन्ही एका दमात लक्षात राहतात.

‘स्टील समवन्स थंडर’ ची कथा तर विसरता येत नाही. नाटककार जॉन डेनिस यांनी १७०९ मध्ये लंडनच्या ड्रूरी लेन रंगभूमीवरील आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेचा आवाज काढण्याची नवी युक्ती तयार केली. नाटक पडले, बंद झाले, आणि थोड्याच दिवसांत त्याच रंगभूमीवर ‘मॅक्बेथ’च्या प्रयोगात तोच गडगडाट त्यांना ऐकू आला; माझे नाटक चालू देत नाहीत पण माझी गर्जना चोरतात, अशा अर्थाचा संताप त्यांनी व्यक्त केल्याचे सांगतात. दुसऱ्याच्या वाट्याचे लक्ष किंवा श्रेय आधीच लाटणे हा त्याचा अर्थ. ‘आयत्या बिळावर नागोबा’ जवळ येतो, पण नागोबा बीळ घेतो, म्हणजे तयार वस्तू घेतो. इथे चोरी गाजण्याची आहे. ‘श्रेय लाटणे’ किंवा ‘भाव खाऊन जाणे’ यांपैकी प्रसंगाप्रमाणे निवडावे.

सहावी पायरी: सारखे दिसणारे पण वेगळे असणारे वेगळे काढावेत

या पायरीवर घाई करू नये, कारण इथल्या चुका वाचकाच्या लक्षात येत नाहीत आणि अर्थ गुपचूप उलटतो.

‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे. मराठीत पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मत्सराने मागे खेचणे. एकात मैत्री आहे, दुसऱ्यात वैर. ‘बाय अ नोज’ जिंकणे आणि नाकावर टिच्चून जिंकणे यांतही असाच फरक आहे; पहिल्यात अंतर मोजले आहे, दुसऱ्यात विरोधकाला खिजवले आहे. ‘शो वन्स हँड’ म्हणजे आपले पत्ते उघड करणे, आणि ‘हात दाखवणे’ म्हणजे आपला इंगा दाखवणे. ‘देअर इज नो लव्ह लॉस्ट बिट्वीन देम’ हे वाक्य शब्दशः वाचले तर दोघांतले प्रेम हरवलेले नाही असे वाटते. आजचा अर्थ नेमका विरुद्ध आहे, की दोघांत प्रेमच नाही, मग हरवणार काय. सतराव्या शतकात हा प्रयोग दोन्ही अर्थांनी होत असे, त्यामुळे जुने लेखन वाचताना प्रसंग पाहूनच निर्णय घ्यावा.

सुदैवाने काही जोड्या विलक्षण जुळतात. ‘कट ऑफ वन्स नोज टू स्पाइट वन्स फेस’ आणि स्वतःचे नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे यांत नाक दोन्हीकडे कापले जाते. फरक एवढाच की इंग्रजीत दुखावला जातो तो स्वतःचा चेहरा, आणि मराठीत निदान हेतू तरी दुसऱ्याला बाधा आणण्याचा आहे. ‘कान्ट होल्ड अ कँडल टू’ म्हणजे कारागिराला उजेड दाखवण्यासाठी मेणबत्ती धरून उभे राहण्याचीही पात्रता नसणे. ‘पासंगालाही न पुरणे’ हा आपला वाक्प्रचार तराजूतला आहे, पण भाव तोच, आणि दोन्ही वाक्प्रचार केवळ नकारातच येतात. हा नकार दोन्ही भाषांत काढता येत नाही, हे मला फार सुंदर वाटते.

सातवी पायरी: एक वाक्य पूर्ण करून पाहावे

आता एक वाक्य घेऊ: ‘इट वॉज नेक अँड नेक अन्टिल द फायनल वीक, द अंडरडॉग गेव्ह द फ्रंटरनर अ रन फॉर हिज मनी अँड लॉस्ट बाय अ नोज.’

पहिला अनुवाद बहुधा असा होतो: ‘शेवटच्या आठवड्यापर्यंत मानेला मान लागली होती, खालच्या कुत्र्याने पुढच्या धावपटूला त्याच्या पैशांसाठी धावायला लावले आणि तो नाकाने हरला.’ हे मराठी नाही, हे कोणीही सांगेल. दुसरा अनुवाद अधिक फसवा असतो: ‘शेवटच्या आठवड्यापर्यंत अटीतटीचा सामना रंगला, छुप्या रुस्तमाने आघाडीवीराला पाणी पाजले, पण घोडा अडला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.’ ही मराठी वाटते, तरी तिच्यात तीन दोष आहेत. अंडरडॉग हा छुपा रुस्तम नव्हे; त्याचा दुबळेपणा सर्वांना माहीत असतो, तर रुस्तमाचे बळ कोणालाच माहीत नसते. पाणी पाजणारा जिंकतो, आणि इथे तो हरला आहे. शिवाय एका वाक्यात सामना, युद्ध, घोडा आणि घास अशी चार चित्रे आली, त्यामुळे वाचकाला एकही दिसत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात प्रत्येक तुकड्याला आधीचेच प्रश्न विचारावेत: कोणता क्षण, कोण कुठे, कोणता सूर. त्यातून असे वाक्य येते: ‘शेवटच्या आठवड्यापर्यंत दोघे बरोबरीने चालले होते, दुबळा समजल्या गेलेल्या उमेदवाराने आघाडीवरच्या उमेदवाराला घाम फोडला आणि तो अगदी थोडक्यात हरला.’ इंग्रजीत वाक्प्रचार पाच होते, मराठीत एकच राहिला. याचे वाईट वाटू देऊ नये. बाकीच्या चार जागी अर्थ, क्रम आणि सहानुभूती जागच्या जागी आहेत, आणि जो एक वाक्प्रचार ठेवला त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली आहे.

स्वतः इंग्रजी लिहिताना दोन गोष्टी पाळाव्यात. काही वाक्प्रचार गोठलेले असतात: माना दोन असल्या तरी ‘नेक्स अँड नेक्स’ होत नाही, आणि ‘हँड्स डाउन’ मधील हात एकवचनात येत नाहीत. काहींत सर्वनामाची जागा मोकळी असते आणि ती कर्त्याप्रमाणे भरावी लागते: ‘आय थ्र्यू माय हॅट’, ‘शी थ्र्यू हर हॅट’. कोणता वाक्प्रचार कोणत्या गटातला आहे हे नियमाने ठरत नाही. प्रत्येक वाक्प्रचार पूर्ण वाक्यासह वहीत उतरवावा, त्याच्यापुढे मैदान, क्षण किंवा जागा, सूर आणि जुळणारा मराठी प्रसंग असे चार रकाने भरावेत, आणि आठवड्याने केवळ मराठी रकाना पाहून मूळ इंग्रजी वाक्य आठवते का ते तपासावे. ‘घाम फोडला’ वरून परत ‘बीट’ किंवा ‘विन’ आठवले, तर त्या नोंदीत कोण जिंकले आणि कोण हरले हे लिहायचे राहिले आहे असे समजून ती नोंद तेवढी पूर्ण करावी.